ट्रक चालवायचाय? मग पहिली दोन वर्षं घराजवळची



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. माईकसमोर एकच जण उभा असला, तरी बोलणं तिघांचं आहे. आम्ही तिघांनी मिळून पुष्कळ वर्षं ट्रक चालवले, सहाचाकीपासून ट्रेलरपर्यंत, आणि आता आमच्या इंदापूर-बारामती भागातल्या पोरांना गाडी शिकवतो. म्हणून पुढे सगळीकडे 'आम्ही' म्हणणार आहोत. ते मोठेपणाचं 'आम्ही' नाही, तिघांचं आहे.

आजचा विषय साधा आहे. ज्याला ट्रक ड्रायव्हर व्हायचंय, त्याने सुरुवात कुठून करावी? आमचं उत्तर एका वाक्यात सांगतो आणि मग तासभर त्याची कारणं देतो. पहिली दोन वर्षं लोकल गाडी चालवा. म्हणजे अशी गाडी, की जी सकाळी निघते आणि रात्री तुम्ही घरी जेवायला असता. लाइनची गाडी, म्हणजे हैदराबाद, चेन्नई, दिल्ली, ही त्यानंतर.

हे ऐकून पोरं नाराज होतात. त्यांना वाटतं लोकल म्हणजे हलकं काम आणि खरा ड्रायव्हर तो, जो चार राज्यं फिरून येतो. हा समज कसा चुकतो, ते एका घरच्या गोष्टीवरून सांगतो.

दोन भाऊ

आमच्या ओळखीत दोन चुलतभाऊ आहेत. नावं सांगत नाही, थोरला आणि धाकटा म्हणू. दोघं एकाच वर्षी आमच्याकडे शिकले. थोरल्याचा हात खरंच चांगला होता. लायसन्स हातात आल्यावर महिन्याभरात तो एका लाइनच्या गाडीवर गेला. उस्तादाच्या जोडीला दुसरा ड्रायव्हर म्हणून नेतो असं मालक म्हणाला होता. तिसऱ्या खेपेला उस्ताद आलाच नाही. "तू चालवतोस की आता, जा एकटा," असं सांगून त्याला पाठवलं. परतीला सोलापूरच्या अलीकडे पहाटे त्याचा डोळा लागला आणि गाडी दुभाजकावर गेली. दुसऱ्या कुणाला लागलं नाही, हे नशीब. त्याचा पाय मांडीत मोडला. मालकाने गाडी उचलून नेली आणि दवाखान्याच्या बिलाचं नाव काढल्यावर फोन घेणं बंद केलं.

धाकटा त्या वेळी दुधाच्या टँकरवर होता. पहाटे चारला निघायचा आणि दुपारी घरी यायचा. थोरल्याला दवाखान्यात आणायचं-न्यायचं, ड्रेसिंग, फिजिओथेरपी, हे सगळं सहा महिने त्याने केलं. तो घरी असायचा म्हणून त्याला करता आलं.

या गोष्टीचं तात्पर्य 'लाइन वाईट' असं काढू नका. आम्ही स्वतः लाइनवर संसार केलेत. थोरल्याचा हात वाईट नव्हता, त्याला वेळ मिळाला नव्हता. झोप कधी येते, कशी येते, आली की काय करायचं, मालकाला 'नाही' कसं म्हणायचं, हे शिकायच्या आधीच तो एकटा पडला. घराजवळच्या गाडीवर ही चूक झाली असती, तर कदाचित पंधरा किलोमीटरवर कुणालातरी फोन करता आला असता.

लोकलमध्ये नेमकं काय शिकता येतं?

ट्रक सरळ रस्त्यावर चालवणं हा या धंद्यातला सोपा भाग आहे. अवघड भाग म्हणजे रिव्हर्स, अरुंद वळण, भरणं-उतरवणं, कागद आणि माणसं.

आता हिशोब करा. लाइनची गाडी पुण्यातून भरली आणि चेन्नईत खाली झाली. हजाराहून जास्त किलोमीटरमध्ये रिव्हर्स किती वेळा? भरताना एकदा, उतरवताना एकदा. लोकल गाडीला दिवसात चार-पाच ठिकाणी माल द्यायचा असतो. प्रत्येक ठिकाणी रिव्हर्स, वळण, गेटवरची नोंद आणि पावतीवर सही. म्हणजे लाइनवाल्याला जे आठवड्यात दोनदा करायला मिळतं, ते लोकलवाला रोज पाच वेळा करतो. हात बसतो तो याच्याने.

आमच्यातल्या एकाने पहिल्याच महिन्यात गावातल्या गल्लीत गाडी मागे घेताना एका घराच्या पडवीचा पत्रा काढला होता. खाली उतरून बघायला लाज वाटली, म्हणून आरशाच्या भरवशावर घेतली. आरशात खालचं दिसतं, वरचं दिसत नाही. पत्र्याचे पैसे पगारातून गेले. तेव्हापासून आमचा नियम आहे, शंका आली की उतरायचं. दहा वेळा उतरावं लागलं तरी उतरायचं. हसणारे हसू देत.

वळणाचंही तसंच. ट्रक वळतो तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत जातात. गाडी जितकी लांब, तितकी जास्त आत. डाव्या वळणाला त्या आतल्या जागेत मोटारसायकलवाला शिरलेला असतो आणि तो नेमका आरशातून न दिसणाऱ्या पट्ट्यात असतो. हायवेवर असं वळण क्वचित येतं. बाजारपेठेत दर पाच मिनिटांनी येतं आणि वेग दहा-पंधराचा असतो. म्हणजे चूक झाली तरी थांबायला जागा असते. चुका करायच्याच असतील, तर त्या कमी वेगात करून घ्या.

वेगाचंही सांगतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर म्हैस दिसली, डोक्याने ठरवलं, पाय ब्रेकवर गेला, तेवढ्यात सेकंद-दीड सेकंद गेलेला असतो. ब्रेक लागायच्या आधीच गाडी १७ ते २५ मीटर पुढे. आणि ही गाडी म्हणजे कार नव्हे. २०१८ साली केंद्राने वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हापासून सहाचाकी ट्रक मालासकट साडेअठरा टनांपर्यंत आणि दहाचाकी साडेअठ्ठावीस टनांपर्यंत पास होतो. हे वजन थांबवायचं म्हणजे काय, ते अंगात मुरायला महिने लागतात.

आधी लायसन्सचं नीट समजून घ्या

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि आपणच आपल्याला फसवतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात साधी गाडी चालवायचं वय १८ आहे आणि वाहतूक वाहन, म्हणजे धंद्याची गाडी, चालवायचं वय २०. जड गाडीचं शिकाऊ लायसन्स काढायच्या आधी हलक्या मोटार वाहनाचं, ज्याला एलएमव्ही म्हणतात ते, पक्कं लायसन्स किमान एक वर्ष हातात असावं लागतं. म्हणजे अठराव्या वर्षी एलएमव्ही काढा. मधल्या काळात घरची जीप, कार चालवा. विसाव्या वर्षी जड गाडीकडे या. त्या वेळी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र लागतं, त्याला फॉर्म ५ म्हणतात, आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ साली काढली. पण म्हणून वाचता येण्याची गरज संपली असं समजू नका. चलन, बिल्टी, ई-वे बिल, गेट पास, हे ज्याला वाचता येत नाही त्याला कुणीही फसवतं.

जड गाडीचं लायसन्स पाच वर्षांसाठी असतं. तेल, गॅस, रसायन असा धोकादायक माल न्यायचा असेल, तर वेगळं प्रशिक्षण लागतं आणि मुदत तीन वर्षांची असते. तारीख मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा.

आता नवी गोष्ट. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला, की एलएमव्ही लायसन्स असलेल्या माणसाला साडेसात हजार किलोंच्या आतली धंद्याची गाडीसुद्धा चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, ४०७ सारखी गाडी. मात्र साडेसात हजार किलो हे मालाचं वजन नव्हे. गाडीचं आणि मालाचं मिळून जे पूर्ण वजन आरसीवर लिहिलेलं असतं, ते. चौदा फुटी गाड्या दिसायला सारख्या असतात, पण एक या रेषेच्या आत असते आणि दुसरी बाहेर. म्हणून गाडीत बसायच्या आधी आरसी वाचा. "चालतंय रे" असं मालक म्हणाला तरी वाचा.

का सांगतो? लायसन्स एका गाडीचं आणि हातात दुसरी गाडी असेल, तर दंड ड्रायव्हरला ५ हजारांपर्यंत आणि गाडी देणाऱ्या मालकालाही तितकाच. पण दंड ही छोटी गोष्ट आहे. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न लायसन्सचा विचारते. न्यायालयं बऱ्याचदा कंपनीला सांगतात, जखमीला आधी पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. मालकाच्या घरादारावर आलं, की तो पोराला सोडत नाही. दोन्ही घरं बसतात.

लोकल काम किती प्रकारचं?

'लोकल' हा एक शब्द झाला, पण त्यात निदान सहा वेगळी कामं आहेत आणि सगळी सुरुवातीला योग्य नाहीत. आमच्या अनुभवाने क्रम लावून सांगतो.

पहिलं, पिकअप आणि छोटा हत्ती. दुकानांना माल पोचवणं, घरसामान, शेतातून बाजारात भाजी. गाडी छोटी, नुकसान छोटं, शिकायला भरपूर. पगार कमी. सहा महिने ते वर्षभर इथे काढावं.

दुसरं, एमआयडीसीतली गाडी. चाकण, रांजणगाव, बारामती, वाळूज, सिन्नर, बुटीबोरी, जिथे तुमचं घर जवळ असेल तिथे. छोट्या कारखान्यातून सुटे भाग भरायचे आणि मोठ्या कारखान्यात द्यायचे. नव्या माणसासाठी आम्हाला हे काम सगळ्यात चांगलं वाटतं. कारण तिथे शिस्त आहे. गेटवर सेफ्टी शूज लागतात, वेग ठरलेला असतो, गाडी लावल्यावर चाकाला ठोकळा लावावा लागतो, चावी जमा करावी लागते. पोरं कंटाळतात, पण ही सवय जन्मभर पुरते.

तिसरं, दूध. गावोगावच्या संकलनातून शीतकरण केंद्रावर आणि तिथून डेअरीवर. वेळ पक्की, रस्ता रोजचा. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. दूध थांबत नाही, म्हणून सुट्टी मिळत नाही. आणि अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा फसवा असतो. ब्रेक मारला की आतलं दूध पुढे येऊन धक्का देतं, वळणावर एका बाजूला जातं. म्हणून ब्रेक लवकर आणि हळू, वळण आणखी हळू.

चौथं, मार्केट यार्ड. लासलगाव-पिंपळगावचा कांदा, पुण्याचा गुलटेकडी बाजार, वाशीच्या बाजार समितीतले भाजी, फळं, कांदा-बटाटा, धान्य, मसाल्याचे बाजार. हे रात्रीचं काम. संध्याकाळी भरायचं आणि पहाटेच्या लिलावाआधी पोचायचं. अंतर लोकल, पण झोप लाइनसारखी मोडते. दिवसा झोपायला घरात शांत जागा असेल, तरच घ्या. तिथे माल उतरवणं हे माथाडींचं काम आहे. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी १९६९ पासून वेगळा कायदा आहे. वराई किती, ती कोण देणार, हे निघायच्या आधी मालकाकडून ठरवून घ्या. धक्क्यावर उभं राहून ड्रायव्हरने वाद घालू नये.

पाचवं, डंपर आणि काँक्रीटचा मिक्सर. इथे पैसा दिसतो, कारण खेपेवर हिशोब असतो. आणि म्हणूनच आम्ही म्हणतो, पहिल्या वर्षी नको. खेपेवर पैसे असले की पाय आपोआप जड होतो. मिक्सरचा ड्रम उंच असतो आणि फिरत असतो, वळणावर गाडी लवकर कलंडते. डंपरचा हौदा उचलताना जमीन एका बाजूला खचली, की गाडी आडवी. वर विजेची तार असली, तर विचारूच नका.

सहावं, ऊस. आमच्या भागातला मोठा रोजगार, पण तोही दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला संपतो. कारखान्याच्या आवारात तासन्‌तास रांग, रात्री अंधारात शेतातून बाहेर यायचं आणि वर टिपरी मोजून नव्हे, डोळ्यांनी भरलेली. जादा वजनाला कायद्यात २० हजार रुपये दंड आहे आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. पासिंग किती आणि भरलंय किती, हे ज्याला सांगता येत नाही, त्याने हंगामावर जाऊ नये.

न्हावा-शेवा बंदराच्या कंटेनरचं विचारतात. उरण-पनवेलच्या पोरांसाठी तेही लोकलच आहे. पण ट्रेलर रिव्हर्सला उलटा वागतो. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की मागचा भाग उजवीकडे जातो. साधा ट्रक दोन वर्षं चालवून मग तिकडे जा.

घाटाचा धडा

लोकल म्हटलं तरी महाराष्ट्रात घाट चुकत नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे जो उतार येतो, तिथले अपघात तुम्ही बातम्यांत वाचले असतील. कारण बऱ्याचदा एकच सांगितलं जातं, ब्रेक फेल. आमचं म्हणणं, ब्रेक फेल होण्याआधी बहुधा ड्रायव्हरने काहीतरी केलेलं असतं.

डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. गाडी गिअरमध्ये असते तेव्हा इंजिन तिला मागे धरून ठेवतं. न्यूट्रल केली की तो आधार गेला आणि सगळं वजन ब्रेकवर आलं. सतत दाबलेला ब्रेक तापतो, ड्रम तापून फुगतो, लायनर पकडत नाही. पेडल दाबतंय पण गाडी थांबत नाही. काही जण इंजिनच बंद करतात. मग हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, टाकीतली हवा संपत जाते आणि पॉवर स्टेअरिंगही दगडासारखं होतं.

जुन्या उस्तादांचा नियम आजही खरा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. उतरायच्या आधी हवेच्या मीटरचा काटा बघा. ब्रेक दाबून धरू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा, थंड होऊ द्या. वाचलेलं डिझेल मालकाचं असतं, जीव तुमचा असतो.

रोज निघायच्या आधी पाच मिनिटं गाडीला एक फेरी मारा. टायर, नट, लाइट, इंडिकेटर, गाडीखाली तेलाचा डाग, पाणी, ऑइल, फाळक्याच्या कड्या, ताडपत्रीची रस्सी. नव्या गाडीत युरिया किती आहे तेही बघा, तो संपला की गाडी ओढ सोडते. या फेरीत तुम्हाला महिन्यातून एकदाच काही सापडेल. पण ते एकदा सापडणं म्हणजेच न झालेला अपघात.

कामाला लागताना विचारायचे प्रश्न

आता पैशाचं. आपली पोरं मालकाला प्रश्न विचारायला घाबरतात. आम्ही सांगतो, पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न वाईट वाटत नाही, महिन्याच्या शेवटी विचारलेला भांडण होतो.

पगार महिन्यावर की खेपेवर? भत्ता वेगळा की त्यातच? गेटवर गाडी सहा तास थांबली तर त्याचं काय? लोकल ड्रायव्हरचा खरा शत्रू रस्ता नाही, थांबणं आहे. गाडी चालते चार तास आणि दिवस जातो चौदा तासांचा. वाहतूक कामगारासाठी आठ तासांचा दिवस १९६१ च्या कायद्यातच लिहिला गेला, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांतीही. प्रत्यक्षात काय चालतं ते आम्हाला माहीत आहे. पण हक्क काय आहे, हे माहीत असलेला माणूस निदान मागू तरी शकतो.

ई-चलन गाडीच्या नावाने येतं. सिग्नल तोडला तर दंड तुमचा, हे बरोबर. पण पीयूसी संपल्याचा किंवा मालकाने जादा भरायला लावलेल्या वजनाचा दंड तुमच्या पगारातून का जावा? हे आधी ठरवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, विमा. गाडीच्या पॉलिसीत मालकाचा अपघात विमा वेगळा असतो आणि पगारी ड्रायव्हरची जबाबदारी वेगळी लिहिलेली असते. ती रक्कम भरलेली आहे का, हे पॉलिसीचा कागद मागून बघा. थोरल्याच्या वेळी हा कागद कुणी बघितलाच नव्हता. मालकाकडे दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१ हजारांच्या आत असेल, तर ईएसआयबद्दल विचारा. आणि मालक काहीही म्हणो, बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा योजना स्वतः घ्या. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. चहाच्या दोन कपांचे पैसे आहेत.

एक वही ठेवा. तारीख, गाडी नंबर, किती किलोमीटर, काय माल, किती वाजता पोचलो, किती वाजता खाली झालो, किती पैसे मिळाले, काय चुकलं. पगाराच्या वेळी ही वही साक्षीदार असते. आणि दोन वर्षांनी मोठ्या गाडीसाठी दुसऱ्या मालकाकडे गेलात, तर "काय अनुभव आहे?" या प्रश्नाला ही वही उत्तर देते.

अपघात झालाच, तर कायदा सांगतो, जखमीला दवाखान्यात पोचवण्याची सोय करा आणि पोलिसांना कळवा. जमाव अंगावर येत असेल, तर तिथून निघून जवळचं पोलीस ठाणं गाठायला कायद्याची आडकाठी नाही, पण २४ तासांच्या आत हजर व्हायलाच हवं. पळून जाणं आणि ठाण्यात जाणं यात फरक आहे. घराजवळ गाडी चालवणाऱ्याला जवळचं ठाणं कुठलं, दवाखाना कुठला, हे माहीत असतं. पहिल्या वर्षात हीसुद्धा मोठी मदत आहे.

लोकलची दुसरी बाजू

एकच बाजू सांगितली तर ते प्रामाणिक होणार नाही. लोकल काम एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असेल, तर ते एका दिवसात बंद पडू शकतं. गोव्यात हे घडलं. डिचोली, सत्तरी, सांगे भागात खनिजाच्या ट्रकांवर हजारो घरं चालायची. घरापासून खाण आणि खाणीपासून बार्ज, सगळं लोकल. २०१२ साली खाणी बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्यावर २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चपासून ट्रक पुन्हा दारात उभे राहिले. न्यायालयाच्या निकालावर आम्हाला बोलायचं नाही. धडा एवढाच, की एकाच खाणीवर, एकाच कारखान्यावर, एकाच हंगामावर आयुष्य लावू नका. त्यातही कर्ज काढून स्वतःची गाडी घेण्याची घाई पहिल्या दोन वर्षांत करू नका. पगारी ड्रायव्हरचं काम गेलं तर तो दुसरं शोधतो. मालकाचा हप्ता थांबत नाही.

समोरून आलेले काही प्रश्न

एका काकांनी विचारलं, "मग लाइनवर जायचं कधी?" आमच्या तीन खुणा आहेत. शंका आल्यावर न लाजता खाली उतरून बघता, ही एक. 'झोप येतेय, गाडी लावतो' असं मालकाला फोनवर सांगता येतं, ही दुसरी. आणि घरातल्या माणसांशी बसून ठरवलंय, महिन्यातले किती दिवस बाहेर, पैसे कसे पाठवायचे, ही तिसरी. तिन्ही झाल्या की जा, आणि पहिल्या चार-पाच खेपा उस्तादाच्या जोडीनेच करा. उस्ताद आला नाही, तर गाडी हलवू नका.

मागच्या रांगेतल्या ताईंनी विचारलं, बायकांना हे काम जमेल का? ताई, जमेल का हा प्रश्नच नाही. आताच्या गाड्यांना पॉवर स्टेअरिंग आहे, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. अडचण गाडीची नाही, वाटेतल्या संडासाची आणि रात्रीच्या मुक्कामाची आहे. म्हणून तुमच्यासाठी एमआयडीसीची दिवसाची गाडी ही चांगली सुरुवात आहे.

एका मुलाने विचारलं, "ते दोघं भाऊ आता काय करतात?" थोरला एका वाहतूकदाराकडे गाड्यांचं नियोजन बघतो. कुठली गाडी कधी सोडायची, हे तो ठरवतो, आणि त्याच्या हाताखाली नवा पोरगा एकटा लाइनवर जात नाही. धाकटा अजून दुधावरच आहे, आता मोठ्या टँकरवर. लाइनवर जायची संधी दोनदा आली होती, तो गेला नाही. आम्ही कारण विचारलं, तर म्हणाला, "दुपारी घरी येतो, पोरीला शाळेतून आणतो. अजून काय पाहिजे?"

तुम्हाला कदाचित आणखी काही पाहिजे असेल. जरूर मिळवा. फक्त सुरुवात अशा ठिकाणी करा, जिथून रात्री घरी चालत जाता येईल.